ट्रान्झिस्टर रेझिस्टरसारखा वापरणे ‘उघड’ ठरवून नाकारलेले पेटंट: अपिलात काय मांडावे?

अमेरिकेतील पेटंट परीक्षकाने ‘ट्रान्झिस्टर रेझिस्टरऐवजी वापरता येतो हे सर्वज्ञात आहे’ एवढ्याच कारणावर सर्किटचा पेटंट-दावा ‘उघड’ (म्हणजे त्या क्षेत्रातील कुशल माणसाला सहज सुचेल असा, म्हणून पेटंटला अपात्र) ठरवून नाकारला, तर अपील टिकेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते टिकू शकते. मात्र ती गोष्ट सर्वज्ञात आहे हे आधी मोकळेपणाने मान्य करावे. मॉसफेट या प्रकारच्या ट्रान्झिस्टरला ड्रेन, सोर्स आणि गेट अशी टोके असतात; ड्रेन आणि सोर्स यांच्यातील व्होल्टेज कमी असताना तो गेटच्या व्होल्टेजने बदलणाऱ्या रोधासारखा वागतो, आणि चिपवर मोठ्या मूल्याचा रेझिस्टर फार जागा घेत असल्यामुळे १९७० च्या दशकातील एनमॉस (एकाच प्रकारच्या, एन-चॅनेल मॉसफेटवर बांधलेल्या) चिपमध्ये भार म्हणून, म्हणजे पुरवठा आणि आउटपुट यांच्यामधील रेझिस्टरच्या जागी, ट्रान्झिस्टरच वापरले जात.

परंतु ही अदलाबदल कधीच निरुपद्रवी नव्हती. इंटेलच्या ८०८० या प्रोसेसरमध्ये एन्हान्समेंट प्रकारचे (गेटला व्होल्टेज दिल्याशिवाय चालू न होणारे) ट्रान्झिस्टर भार म्हणून होते आणि त्या चिपला ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टचाही पुरवठा लागे. डिप्लीशन प्रकारचे (गेटला व्होल्टेज नसतानाही चालू राहणारे) भार वापरणाऱ्या झेड८० या प्रोसेसरचे एकट्या ५ व्होल्टवर भागले. म्हणजे कोणता ट्रान्झिस्टर बसवला यावर बाकीचे सर्किट बदलत होते. शिवाय सिग्नल मोठा झाला की ट्रान्झिस्टरचा रोध स्थिर राहत नाही, आणि तापमानाबरोबरही तो बदलतो. म्हणून आपल्या सर्किटमध्ये रेषीयता (व्होल्टेजच्या प्रमाणात प्रवाह बदलणे) किंवा अचूकता महत्त्वाची असेल, तर त्या क्षेत्रातील सामान्य कुशल अभियंत्याने नेमक्या त्याच जागी ट्रान्झिस्टर का बसवला असता, हा खरा प्रश्न आहे.

केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स (२००७) या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उघडपणाची कसोटी लवचीक केली, हे खरे. पण सर्व घटक आधीपासून ज्ञात होते एवढ्याने दावा उघड ठरत नाही, तो जोड करण्यामागचे कारण स्पष्ट मांडावे लागते, हेही त्याच निकालात आहे. अरेंडी विरुद्ध ॲपल (२०१६) मध्ये फेडरल सर्किटने, म्हणजे पेटंटची अपिले ऐकणाऱ्या अमेरिकी न्यायालयाने, तर दाव्यातील गहाळ घटक पुराव्याविना केवळ ‘सामान्य ज्ञाना’ने भरून काढण्यास नकार दिला. परीक्षकाच्या आदेशात असे कारण नसेल, तर अपिलाचा भर तेथेच ठेवावा.

जोड करण्यामागे कारण होते की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न मानला जातो आणि फेडरल सर्किट त्यावर फक्त पुरेसा पुरावा आहे का एवढेच, तेही नोंदीत आलेल्या कागदपत्रांवरूनच पाहते. त्यामुळे रेषीयतेची मोजमापे आणि तज्ज्ञाचे प्रतिज्ञापत्र अपील दाखल करण्यापूर्वीच परीक्षकासमोर ठेवावे. नंतर ते स्वीकारून घेणे फार कठीण जाते.