नाशिकहून अमेरिकेला फिरायला जातोय. तिथल्या मशीनमधून दाबून काढलेल्या पेनी (चित्र उमटवून लांबट केलेली एक सेंटची नाणी) जमवायच्या आहेत. आधी काय तयारी करू?

तिकडून आलेल्या कुणाकडे चिल्लर पडून असेल तर मागून घ्या आणि 1982च्या आधीच्या पेनी वेगळ्या काढा. त्यात 95 टक्के तांबं असतं. नंतरच्या जस्ताच्या, वर नुसता तांब्याचा मुलामा; रोलरखाली लांबट झाल्या की चित्रावर पांढुरके पट्टे उठतात. काळपट पेनी चिंच-मिठाने घासा, देवाच्या तांब्यासारखी लख्ख होते. मशीनसाठी क्वार्टर, म्हणजे 25 सेंटची नाणीही खिशात ठेवा.

इथला रुपया मात्र दाबायला जाऊ नका. 2011च्या नाणे कायद्यानुसार चलनी नाणं नष्ट करायला मनाई आहे. शिवाय आपला रुपया स्टीलचा, तो कसला दबतोय! नाण्यांचंच वेड असेल तर निघण्याआधी त्र्यंबक रोडवरचं अंजनेरीचं नाणे संग्रहालय बघून या.