गाडी वर्षाला जेमतेम ३,००० किलोमीटर चालते, तरी दरवर्षी सर्व्हिसिंग करायलाच हवं का?

हो, करायलाच हवं. सर्व्हिसिंगच्या पुस्तकात 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते' असं छापलेलं असतं. आपण किलोमीटर वाचतो आणि महिने सोडून देतो.

मीही तेच केलं होतं. घर ते ऑफिस तीन किलोमीटर, म्हणून दोन वर्षं ऑइल बदललंच नाही. एकदा सहज ऑइलचं झाकण उघडलं, तर आतून पिवळट, साबणाच्या फेसासारखा चिकट थर. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, तुमचं इंजिन तापायच्या आधीच तुम्ही पोहोचता." इंजिन नीट तापलं नाही की आतला ओलावा उडून जात नाही, तो ऑइलमध्येच राहतो. (असा थर दिसतोय आणि कूलंटही (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतंय, असं असेल तर मात्र गाडी लगेच दाखवा. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालची सील, गेलेलं असू शकतं.)

म्हणूनच रोज सकाळी पाच मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवण्याचा काही उपयोग नाही. ऑइल तापत नाही, आणि स्टार्टरने खाल्लेलं चार्जिंगही बॅटरीला धड परत मिळत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणा.

ब्रेक ऑइलचा तर किलोमीटरशी फारसा संबंधच नाही. ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; पाणी धरलं की हाच आकडा १५५ च्या आसपास येतो. लांब उतारावर ब्रेक तापले, आत वाफ झाली, की पेडल दाबलं तरी ते नुसतं आत जातं. साधारण दोन वर्षांनी बदलाच.

टायरच्या बाजूवर 'DOT' या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. उभ्या गाडीचं रबरही कडक होतं, त्यामुळे नक्षी शाबूत असली तरी बारीक भेगा दिसतात का बघा. हवा टायर थंड असताना तपासा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. टायरवरचा आकडा कमाल मर्यादेचा, तो नाही. स्टेपनीही मोजा. माझी नेमकी रात्री बसलेली निघाली होती.

पाऊस सुरू व्हायच्या आधी वायपरचं रबर, दिवे आणि बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड साचली आहे का, एवढं बघितलं तरी पुरे. एसी थंडीतही अधूनमधून दहा मिनिटं लावा, नाहीतर कॉम्प्रेसरची सील सुकतात.

आणि वर्षाचं सर्व्हिसिंग म्हणजे गॅरेजवाला सांगेल ते सगळं नव्हे. इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणं), अमुक कोटिंग वगैरे यादीत घुसवलं असेल, तर आधी पुस्तक उघडून दाखवायला सांगा. त्यात नसेल तर सरळ खोडा.