पूर्वी भारतात बायकांना मालमत्तेत काहीच हक्क नव्हता का?
अगदीच नव्हता असं नाही. दागिने, माहेरच्या भेटी हे स्त्रीधन तिचंच. घराजमिनीचं मात्र अवघड होतं. १९३७च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याचा वाटा मिळाला, तोही हयातीपुरता. मनाला येईल तसा विकता येत नसे. पूर्ण मालकी १९५६च्या वारसा कायद्याने दिली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्मापासूनची हिस्सेदार झाली ती थेट २००५मध्ये. (महाराष्ट्राने हे १९९४लाच केलं, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळून. म्हणजे बहुतेक आत्या-मावश्या बाहेरच!) आजही गावाकडे सातबाऱ्यावर बहिणींची नावं लागतात आणि पाठोपाठ हक्कसोडपत्रावर सह्या होतात. बदल्यात काय, तर साडीचोळी. मुस्लिम कायद्यात मुलीचा वाटा आधीपासूनच ठरलेला आहे, मुलाच्या निम्मा.