पडद्यावरचा वात्रटपणा आणि खुर्चीतला प्रेक्षक

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

लाल पोशाखातल्या, तोंडाळ आणि चावट ‘डेडपूल’ या अमेरिकी महानायकाचे चित्रपट २०१६, २०१८ आणि २०२४ या वर्षांत प्रदर्शित झाले. तिसरा चित्रपट चित्रपटगृहांतून कधीच उतरला असला, तरी आता तो घरोघरच्या फोनवर पोहोचला आहे, आणि त्यामुळे त्याच्याविषयीची पत्रे अजून येत आहेत. त्यांतली काही येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. माझे माजी विद्यार्थी आता महाविद्यालयात आहेत आणि या चित्रपटांतले संवाद एकमेकांना ऐकवून खिदळत असतात. नायक शिव्या देतो, कशाचीही टर उडवतो, मध्येच प्रेक्षकांकडे वळून अचकट-विचकट बोलतो. असला उद्धट विनोद आपल्याकडे बाहेरून आला, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याला काय वाटते?
— एक शिक्षक, परभणी

उत्तर : आपली अस्वस्थता समजते, निष्कर्ष मात्र मान्य करता येत नाही. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी लिहिलेल्या भारुडात एक सून भवानीआईला रोडग्याचा नवस बोलते आणि सासरा, सासू, जाऊ, नणंद अशी सगळी मंडळी वाटेतून दूर कर, असे साकडे घालते. त्यामागचा परमार्थ कीर्तनकार नंतर उलगडून सांगतात, परंतु ऐकणारा आधी हसतो, आणि त्याने हसावे अशीच ती रचना आहे. तमाशात गणपतीला वंदन झाले की लगेच गवळणीत मावशी आणि पेंद्या साक्षात श्रीकृष्णाची फिरकी घेतात, तर वगातला सोंगाड्या राजाच्या दरबारात उभा राहून गोष्ट सोडतो आणि समोर बसलेल्या गावकऱ्यांना, प्रसंगी गावच्या पुढाऱ्यालाही, टोला हाणतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाच्या फडासमोर बसलेल्या माणसाला पात्राने प्रेक्षकांशी थेट बोलण्याचे नवल कधी वाटले नसेल. तेव्हा उद्धटपणा आणि चावटपणा या दोन्ही गोष्टी आपल्या मातीला परक्या नाहीत.

विचारायचे असेल तर हे विचारावे, की हा टोला कोणाला बसतो? पहिल्या चित्रपटाच्या आरंभी जी श्रेयनामावली येते, तिच्यात कलावंतांची नावेच नाहीत. दिग्दर्शकाच्या जागी ‘जास्त पैसे घेणारा मूर्ख’ अशा अर्थाची पाटी येते, खलनायकाला नुसते ‘ब्रिटिश खलनायक’ म्हटलेले आहे, आणि खरे नायक म्हणून लेखकांचा गौरव केलेला आहे. पुढे नायक महानायकांच्या वाड्यावर जातो तेव्हा तेथे फक्त दोघेच भेटतात, आणि निर्मात्यांना तिसरा परवडला नसावा, असे तो तोंडावर सांगतो. यात तथ्य होते. सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलरमध्ये, म्हणजे त्या प्रकारच्या चित्रपटांच्या मानाने किरकोळ खर्चात, हा चित्रपट झाला आणि जगभरात त्याने सुमारे ७८ कोटी डॉलर मिळवले. आपले विद्यार्थी लहानपणापासून जग वाचवणाऱ्या, कधीही न चुकणाऱ्या, गंभीर चेहऱ्याच्या नायकांचे चित्रपट पाहत आले आहेत. त्या सगळ्या भारदस्तपणाची हवा त्याच प्रकारच्या चित्रपटात कोणीतरी काढतो, याचा त्यांना आनंद होतो. ते आदर्शावर हसत नसून आदर्शाच्या दुकानदारीवर हसत आहेत, असे मला वाटते.

एका बाबतीत मात्र मी आपल्या बाजूने आहे. तिन्ही चित्रपटांत शरीराच्या अवयवांवरचे विनोद इतक्या वेळा येतात, की त्यांचा धक्का लवकरच ओसरतो आणि मागे उरतो तो पाचकळपणा. सोंगाड्यालाही शेवटी वग पुढे न्यावा लागतो. येथे कित्येकदा वग थांबतो आणि चेष्टा चालूच राहते.

प्रश्न : मी पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन तिसरा चित्रपट पाहण्यास गेलो होतो. वडील सोबत असूनही चित्रपटगृहाच्या दारात मुलाला अडवण्यात आले आणि आम्हाला परत फिरावे लागले. अमेरिकेत पालकांसोबत मुलांना हा चित्रपट पाहता येतो, असे मुलाचे म्हणणे आहे. मग आपल्याकडेच ही सक्ती का?
— एक पालक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे आणि दारावरच्या माणसाचेही बरोबर होते. अमेरिकेत या चित्रपटांना ‘आर’ वर्ग मिळाला. त्यात सतरा वर्षांखालील मुलांना पालक किंवा प्रौढ सोबत असल्यास प्रवेश मिळतो. आपल्याकडे त्यांना ‘ए’ प्रमाणपत्र आहे, आणि १९५२ च्या चलचित्र अधिनियमानुसार ‘ए’ चित्रपट अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला दाखवणे हा दाखवणाऱ्याचा गुन्हा ठरतो. पालकांची संमती तेथे उपयोगी पडत नाही. पालकांनी विचार करून मुलांना न्यावे, अशी मोकळीक ‘यूए’ वर्गात आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्या वर्गाचे सात, तेरा व सोळा वर्षे असे टप्पेही पाडले आहेत. पंधरा वर्षांच्या मुलाला काय पेलते हे बापाला अधिक कळते, हा आपला युक्तिवाद अगदीच चुकीचा नाही. पण तो कायदा करणाऱ्यांपुढे मांडायचा आहे, तिकीट फाडणाऱ्यापुढे नव्हे.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी आवडीने इंग्रजी चित्रपट पाहतो. तिसऱ्या चित्रपटात सगळे प्रेक्षागृह आरोळ्या ठोकत होते आणि मी मख्ख बसलो होतो. वय झाले म्हणून विनोद कळेनासा झाला काय?
— एक सेवानिवृत्त वाचक, लातूर

उत्तर : वयाला दोष देऊ नका. त्या चित्रपटातले निम्मे विनोद अगोदरचा अभ्यास मागतात. ज्या फॉक्स कंपनीने पहिले दोन चित्रपट काढले, तिचा चित्रपट व्यवसाय २०१९ मध्ये डिस्नेने विकत घेतला. तिसरा चित्रपट त्या व्यवहाराची आणि नव्या मालकाच्या सोज्वळपणाची सतत टिंगल करतो. त्यात डेडपूलच्या जोडीला असलेला दुसरा महानायक, ह्यू जॅकमनचा वूल्व्हरिन, २०१७ च्या चित्रपटात मरण पावलेला आहे, हे ठाऊक नसेल तर आरंभीच्या थडग्याच्या प्रसंगातली विटंबना विटंबना वाटतच नाही. पुढे वेस्ली स्नाइप्स अनेक वर्षांनी ‘ब्लेड’ या आपल्या जुन्या चित्रपटातल्या नायकाच्या रूपात पडद्यावर येतो, तेव्हा ज्याने तो जुना चित्रपट पाहिला आहे त्याच्या अंगावर काटा येतो आणि ज्याने पाहिलेला नाही तो शेजाऱ्याकडे पाहतो. आपण ऐकलेल्या आरोळ्यांतल्या बऱ्याचशा हसण्याच्या नव्हत्याच. ओळखीचा माणूस दिसल्याच्या त्या होत्या.

या चित्रपटाने जगभरात १३३ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली आणि ‘आर’ वर्गातल्या चित्रपटांचा तोपर्यंतचा विक्रम मोडला, तरी गोष्ट म्हणून तो पहिल्यापेक्षा बराच पातळ आहे, असे माझे मत आहे. पहिला चित्रपट आधीचे काहीही न पाहता समजतो. तो पाहा आणि मग ठरवा.

प्रश्न : दुसरा भाग मी हिंदीत पाहिला, मित्राने इंग्रजीत. दोघांच्या हसण्याच्या जागा अगदी वेगळ्या निघाल्या. असे का व्हावे?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : दुसऱ्या भागात हिंदी डेडपूलला रणवीर सिंगने आवाज दिला होता आणि संवादही इथल्या प्रेक्षकाला डोळ्यांसमोर ठेवून नव्याने लिहिले होते. वात्रट विनोद शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत जात नाही, त्यामुळे ते योग्यच झाले. आपण दोघांनी जवळजवळ दोन निरनिराळे विनोद ऐकले आहेत.

प्रश्न : आम्ही मैत्रिणी हौसेने हा चित्रपट पाहण्यास गेलो. पडद्यावर जे चालले होते त्याने आम्हाला विशेष काही वाटले नाही, उलट बऱ्याच ठिकाणी हसू आले. पण मागच्या रांगांतून प्रत्येक चावट वाक्यावर शिट्ट्या येत होत्या, आणि नंतर तर आमच्याकडे पाहून शेरे मारले जाऊ लागले. मध्यंतरात आम्ही उठून आलो. घरी सांगितले तर ‘असले चित्रपट पाहायला जाताच कशाला?’ असे ऐकावे लागले.
— एक वाचक, बीड

उत्तर : आपल्या पत्रात दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या आहेत, आणि त्या आपल्या घरच्यांनी एकत्र केल्या.

या नायकाच्या चावटपणाचे वैशिष्ट्य असे, की त्याचे हसे मुख्यतः त्याचे स्वतःचेच होते. विद्रूप झालेला चेहरा, फुशारकी, फसलेले बेत आणि पुरुषांशीही लाडिकपणे बोलण्याची सवय, यांवर विनोदाचा मोठा भाग उभा आहे. पहिल्या चित्रपटात तो आपल्या प्रेयसीला, व्हेनेसाला, प्रथम भेटतो तेव्हा दोघे आपले बालपण किती वाईट गेले याची जणू चढाओढ लावतात, आणि ती त्याला तसूभरही कमी पडत नाही. दोन बरोबरीच्या माणसांची ती मस्करी आहे. आपल्याला तेथे हसू आले, यात वावगे काहीच नाही. (दुसऱ्या भागाने मात्र याच व्हेनेसाला आरंभीच मारून टाकले, केवळ नायकाला दुःख मिळावे म्हणून, आणि त्याबद्दल लेखकांवर झालेली टीका रास्त होती.)

मागच्या रांगेतल्या शिट्ट्यांचा या विनोदाशी काहीही संबंध नव्हता. पडद्यावर चावट वाक्य येणे ही त्या मंडळींना मिळालेली सबब होती. तीच मंडळी एखाद्या भक्तिपटातही दुसरी सबब शोधतील. अंधार, घोळका आणि ‘आज सगळेच चालते’ ही समजूत एवढे त्यांना पुरते. तमाशाच्या फडावरही हे दिसते. लावणीला दाद देणारा एक रसिक असतो आणि त्याच्या आडून बाईला छळणारा दुसरा. लोक दोघांनाही एकाच पारड्यात टाकतात आणि शेवटी नाव खराब होते ते कलेचे आणि बाईचे.

आपण ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट तिकीट काढून पाहण्यास गेलेल्या प्रौढ स्त्रिया होतात. उठून जाण्याची वेळ दुसऱ्यांवर यायला हवी होती. असे पुन्हा घडल्यास तेथल्या तेथे व्यवस्थापकाला बोलवा आणि त्या माणसांना बाहेर काढण्याची मागणी करा. तो टाळाटाळ करू लागला तर ११२ क्रमांकावर फोन करा. स्त्रीला अपमानित करण्याच्या हेतूने काढलेले शब्द आणि केलेले हावभाव हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे, आणि चित्रपटगृहातला अंधार त्याला अपवाद नाही.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावावर कर्करोगाचे उपचार चालू आहेत. या चित्रपटाच्या नायकालाही कर्करोग होतो आणि तो त्यावरही विनोद करतो. माझा पुतण्या, म्हणजे भावाचाच मुलगा, हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतो आणि हसतो. मला ते मनाला लागते. त्याला समज द्यावी काय?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : समज देऊ नका. आधी त्याच्याजवळ बसा आणि शक्य असल्यास चित्रपट एकदा त्याच्यासोबत पाहा, कारण मुलगा नेमका कोठे हसतो ते आपल्याला लांबून दिसलेले नाही.

पहिल्या चित्रपटात आजार कळल्यावर नायक डॉक्टरांपुढेही बडबडत राहतो, आणि शेजारी बसलेली व्हेनेसा मात्र पुढे काय करायचे याच्या विचारात असते. आपले झिजणे तिने पाहू नये म्हणून तो एका रात्री न सांगता निघून जातो. हा सगळा थट्टेखोर चित्रपट त्या निघून जाण्यावर उभा आहे. आजारावरचा विनोद तेथे आजारी माणसाच्याच तोंडी आहे, आणि तो अधिकार त्याचाच असतो. शेजाऱ्याने किंवा पाहुण्याने तोच विनोद केला असता, तर आपला राग मलाही पटला असता.

बापाच्या आजारपणात मुलाला घरात कोणी काही विचारत नाही आणि सांगतही नाही. मोठी माणसे दाराआड कुजबुजतात, फाइली हातात घेऊन गाडी पकडतात, आणि मुलाला ‘तू अभ्यास कर’ एवढेच ऐकू येते. अशा मुलाला आजाराचे नाव मोठ्याने घेणारा, त्याला शिवी हासडणारा आणि मरत नसलेला एक माणूस सापडला आहे. नायकाला आजारातून वाचवणारी शक्ती खोटी आहे, हे त्याच्या वयाच्या मुलाला कळते. त्याला भावाच्या तब्येतीबद्दल खरे काय ते सांगा, आणि दवाखान्यात जाताना एखाद्या वेळी सोबत न्या. चित्रपट तो पाहीना का. भाऊ स्वतः काय म्हणतात, हेही पत्रात आले असते तर बरे झाले असते. बहुतेक घरांत पहिला विनोद रुग्णच करतो आणि बाकीचे त्याला गप्प बसवतात.

प्रश्न : तिसरा चित्रपट घरच्या टीव्हीवर सासू-सासऱ्यांसोबत पाहता येईल काय? सासऱ्यांना मारामारीचे चित्रपट फार आवडतात.
— एक सूनबाई, जालना

उत्तर : नाही. पहिल्याच मारामारीत नायक थडग्यातून उकरून काढलेली हाडे शस्त्र म्हणून वापरतो आणि नाचतो. त्यातून सासरे सावरले, तरी पुढच्या संवादांतून आपण सावरणार नाही. टीव्हीवरच्या सेवेत ‘ए’ वर्गासाठी कुलूप लावण्याची सोय असते. ते लावून ठेवा आणि त्याचा क्रमांक सासऱ्यांना सांगू नका.