आमसभेचा ‘आदेश’ की ‘आवाहन’?

प्रश्न असा आला आहे: 1971च्या युद्धाबद्दल लिहिताना ‘संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने भारताला युद्ध थांबवण्याचा आदेश दिला’ हे वाक्य बरोबर आहे का?

नाही. तिथे ‘आवाहन केले’ हवं. युद्ध आणि शांततेच्या प्रश्नांवर आमसभा चर्चा करू शकते, शिफारस करू शकते. सनदेने तिला आदेश काढण्याचा अधिकार दिलेला नाही. सुरक्षा परिषदेतले युद्धबंदीचे मसुदे सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने अडले आणि प्रकरण आमसभेकडे गेलं. 7 डिसेंबरला तिथे 104 विरुद्ध 11 मतांनी ठराव मंजूर झाला. त्यात क्रियापद होतं ‘कॉल्स अपॉन’, आणि ते भारत-पाकिस्तान दोघांनाही उद्देशून होतं. दबाव मोठा होता, पण बंधन नव्हतं. ढाक्यात 16 डिसेंबरला शरणागती झाली तोवर लढाई चालूच राहिली. ‘आदेश’ लिहिलं, की भारताने तो धुडकावला असं आपोआप सूचित होतं. तो आरोप खोटा आहे, म्हणून इथे सैल शब्द मला अजिबात मान्य नाही.

‘ठराव’ शब्दावरून वजन कळत नाही. शिफारस, आवाहन, आग्रह, मागणी, निर्णय यांपैकी आत काय आहे आणि तो कोणी केला, हे बघावं लागतं. सुरक्षा परिषद जेव्हा ‘डिसाइड्स’ म्हणते, तेव्हा सनदेच्या कलम 25 प्रमाणे सगळे सदस्य देश बांधले जातात. कुवेतवरच्या आक्रमणानंतर 6 ऑगस्ट 1990 रोजी झालेला 661 क्रमांकाचा ठराव असाच होता. इराकशी व्यापार बंद करणं त्याने सगळ्या देशांना भाग पाडलं. त्याला ‘निर्णय’ म्हणावं, ‘आवाहन’ म्हटलं तर तो फारच हलका होतो.

‘डिसाइड्स’ आमसभाही वापरते, पण मुख्यतः संघटनेच्या अंतर्गत कारभारापुरतं: कुठल्या सदस्याने किती वर्गणी भरायची, चीनच्या जागेवर कोणाचे प्रतिनिधी बसायचे. हा दुसरा निर्णयही 1971चाच, 25 ऑक्टोबरचा.

मग ‘आदेश’ कुठे शोभतो? आंतरराष्ट्रीय न्यायालयात. कुलभूषण जाधव प्रकरणात 18 मे 2017 रोजी न्यायालयाने फाशीला अंतरिम स्थगिती दिली, तो शब्दशः आदेश होता. 17 जुलै 2019 रोजी आला तो ‘निकाल’.