पुनरुत्थान नको हो, विहीर आहे ती!

तुम्ही विचारलंय की गावातल्या जुन्या विहिरींच्या कामाचं पत्रक करताना "विहिरींचे पुनरुत्थान" असं लिहिलं तर सगळे हसले, मग पुनरुज्जीवन, जीर्णोद्धार, नूतनीकरण यातलं नेमकं काय लिहायचं? हसले कारण पुनरुत्थान म्हटलं की एकतर येशू ख्रिस्त आठवतो (मराठी बायबलात हाच शब्द आहे) नाहीतर राष्ट्राचं पुनरुत्थान, ते भाषणातलं. विहीर कुठून उठणार, ती आधीच जमिनीत आहे.

बरीच वर्षं प्रुफं तपासतोय, त्यावरून सांगतो, आधी त्या वस्तूला झालं काय होतं ते बघायचं, शब्द आपोआप सापडतो. मुदत संपली असेल तर नूतनीकरण. लायसन, विमा, भाडेकरार, बोलताना आपण सरळ रिन्यूच म्हणतो. नाट्यगृहाच्या खुर्च्या-एसी बदलले तरी नूतनीकरण, म्हणजे चालू होतंच, नुसतं जुनाट झालेलं.

मोडकळीला आलं असेल तर जीर्णोद्धार, शब्दातच जीर्ण आहे. पण हा मुळात देवळाचा शब्द. अहिल्याबाई होळकरांनी वेरूळच्या घृष्णेश्वराचा केला तो जीर्णोद्धार. काशी विश्वनाथाचं देऊळ तर जीर्ण नाही, पाडलेलंच होतं, त्यांनी ते १७८० च्या सुमारास नव्याने बांधलं, तरी आपण तोच शब्द वापरतो, कारण देव तोच. सोसायटीला मात्र जीर्णोद्धार म्हणून बघा कोणी म्हणतंय का! ती "रिडेव्हलपमेंटला जाते", कागदावर पुनर्विकास, तिथे पत्ता सोडून जुनं काही उरत नाही.

पुनरुज्जीवन कशाचं, तर ज्याच्यात जीव होता आणि तो गेला किंवा जायला आला. नदी, लोककला, बंद पडलेला साखर कारखाना, कोकणातल्या म्हाताऱ्या झालेल्या आंबा बागा. पुनर् अधिक उज्जीवन, म्हणून रु पण हवा आणि जोड ज्ज पण, "पुनर्ज्जीवन" असलं काहीतरी छापलेलं मी पाहिलंय. आणि एक सांभाळा, पुनरुज्जीवनवादी हा शब्द बहुतेक वेळा टीकेचा असतो. एकोणिसाव्या शतकावरच्या लेखांत सुधारक एका बाजूला आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर वगैरे पुनरुज्जीवनवादी दुसऱ्या बाजूला असं वाचायला मिळतं, त्यामुळे "आमची संस्था पुनरुज्जीवनवादी आहे" असं कौतुकाने लिहू नका.

हे झाले संस्कृत शब्द, पण मला खरी मजा वाटते ती रानातल्या आणि घरातल्या शब्दांची. ऊस तुटून गेला की जमिनीत राहिलेल्या बुडख्यांना नवे फुटवे येतात, नवीन बेणं न लावता मिळालेलं ते दुसरं पीक म्हणजे खोडवा, आणि त्याच्याही नंतरचं निडवा. उतारा बहुतेक कमी पडतो पण खर्चही कमी. आमचे काका रिटायर होऊन त्याच ऑफिसात परत कंत्राटावर लागले तेव्हा स्वतःच म्हणायचे, आता आमचा खोडवा चालू आहे, आणि वर्षाने मुदतवाढ मिळाली तर म्हणाले निडवा! जातं गुळगुळीत झालं की त्याला टाकी लावतात, म्हणजे छिन्नीने ठोकून परत खरखरीत करतात, सोनार दागिन्याला उजाळा देतो, आणि तिथूनच आठवणींना उजाळा, कारण आठवण मेलेली नसते, मळलेली असते. कामच थांबलं होतं आणि परत सुरू केलं तर पुनश्च हरिओम, टिळकांनी तुरुंगातून सुटल्यावर १८९९ मध्ये केसरीत परत लिहायला घेतलं तेव्हाच्या अग्रलेखाचं नाव. लॉकडाऊन उठायला लागला तेव्हा २०२० ला सरकारनेही हेच वापरलं.

आता तुमची विहीर. पडलेल्या दगडी पायऱ्या आणि कठडा परत बसवला, त्या ओळीत जीर्णोद्धार लिहा, जुनी बारव असेल तर शोभेल पण. निधीच्या अर्जात पुनरुज्जीवन, साहेबांना तोच शब्द ओळखीचा. पण गावात विचाराल तर म्हणतील गाळ काढला, झरे मोकळे झाले, झरे परत जिवंत झाले. मी असतो तर मथळा तोच दिला असता, "विहिरीचे झरे परत जिवंत झाले". फक्त मे महिन्यात पाणी टिकतंय का बघून मग छापायला द्या.