पिल्लू घेण्याआधी ब्रीडर जबाबदार आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय, लॅब्रेडॉर घ्यायचाय, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर असले की पुरे ना? पुरे नाहीत. तो कागद पिल्लाची वंशावळ सांगतो. आईचे खुबे कसे आहेत, पिल्लाच्या पोटात जंत आहेत का, हे त्यात नसतं. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या पुढच्या वाक्यामुळे: 'ब्रीडर ४५ दिवसांचं पिल्लू देतोय, लहान आणलं की लळा लवकर लागतो म्हणतो.' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. मग हे ४५ आले कुठून? हिशेबातून. चौथ्या आठवड्यानंतर आईचं दूध आटायला लागतं. आठ-नऊ पिल्लं दिवसातून चार वेळा खातात, दर पंधरवड्याला जंताचं औषध लागतं, ६ ते ८ आठवड्यांत पहिली लस येते. त्याआधी पिल्लं खपवली की हा खर्च तुमच्या गळ्यात. शिवाय ४५ सांगून दिलेलं पिल्लू कित्येकदा ३५ दिवसांचंच असतं.

म्हणून दात मोजा. पिल्लू मांडीवर घ्या, अंगठ्याने ओठाचा कोपरा हळूच मागे सारा. ८ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, वर १४, खाली १४: पुढचे सहा, दोन सुळे आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन दाढा. पाच आठवड्यांच्या पिल्लाचे सुळे टोचतात, पण शेवटच्या दाढा बहुधा हिरडीतच असतात.

हा तीन आठवड्यांचा फरक किरकोळ नाही. याच काळात पिल्लू भावंडांशी खेळताना चावण्याचा जोर आवरायला शिकतं. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो. ते न शिकलेलं पिल्लू मग घरातल्या पोरांच्या पोटऱ्या फोडतं. आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरतेय, लस अजून लागू झालेली नाही, त्यात प्रवास आणि खाण्यात बदल, अशा वेळी पार्वो या जीवघेण्या विषाणूला रान मोकळं. पार्वोची लक्षणं लागण झाल्यावर साधारण ३ ते ७ दिवसांनी दिसतात. म्हणजे घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले तर लागण ब्रीडरकडचीच. 'तुम्हीच काहीतरी खायला घातलं असेल' हे ऐकून घेऊ नका.

आई बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. 'आई फार्मवर आहे' म्हणाला तर फार्मवर जा. हायवेच्या फूडमॉलवर डिलिव्हरी देणाऱ्याशी व्यवहारच नको. आठ आठवडे पिल्लं पाजलेली कुत्री बहुधा हडकलेली दिसते, केस गळलेले, सड लोंबलेले. त्यात काही वाईट नाही. दाखवलेली कुत्री तुकतुकीत आणि सड पोटाला चिकटलेले असतील, तर ती बहुधा आई नव्हे. आईचं वय आणि हे कितवं वेत, दोन्ही विचारा: नियमाने १८ महिन्यांआधी आणि ८ वर्षांनंतर वेत नाही, १२ महिन्यांत एकच, जन्मभरात पाच.

लॅब्रेडॉरमध्ये आई-बाप दोघांच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे मागा. खुब्याचा पक्का अंदाज दोन वर्षांच्या वयानंतर येतो, त्यामुळे दीड वर्षाच्या कुत्रीला लावून मोकळा होणारा ब्रीडर नियमात बसला तरी माझ्या लेखी घाईचाच. लसीच्या कार्डावर बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर, तारीख, डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. नुसतं स्टिकर ब्रीडरही चिकटवतो, आणि ती लस २ ते ८ अंशांत ठेवली होती की टेबलावर, कोणास ठाऊक.

राज्य प्राणी कल्याण मंडळाचं नोंदणीपत्र विचाराच, ते लागतंच. पण उलटही सांगायला हवं: केसीआयचे पेपर नाहीत म्हणून माणूस वाईट ठरत नाही. मराठवाड्यात कारवान जातीची देशी कुत्री पाळणाऱ्या कितीतरी घरांत केसीआयचा कागद नसेल, पण आई दारातच बांधलेली असते.

आणि लळ्याचं म्हणाल तर दहा-बारा आठवड्यांचं पिल्लूही तितकाच लळा लावतं. तुमच्या ब्रीडरला आजच फोन करा: अजून दोन आठवडे पिल्लू आईजवळ ठेवा, खाण्याचे पैसे मी देतो. 'मग दुसऱ्याला देतो' म्हणाला, तर टोकनवर पाणी सोडा.